ठाण्याच्या किल्ल्यातील मोतद्दाराचे गाणे : युद्धकालीन संकेतभाषेचे एक उपेक्षित उदाहरण

ठाणे येथील मध्यवर्ती कारागृह ज्या तटबंदीच्या आत वसले आहे, ती तटबंदी मूळची पोर्तुगीजांची. १७३० च्या सुमारास तिचे काम सुरू झाले. ते पुरते संपण्यापूर्वीच, १७३७ साली, मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७७४ च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी ते मराठ्यांकडून हस्तगत केले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी बेट कायमचे कंपनी सरकारकडे गेले. या किल्ल्याच्या इतिहासात तोफांचा आणि वेढ्यांचा भाग बराच आहे व तो वारंवार लिहिला गेला आहे. तथापि ज्या एका घटनेने पेशवाईच्या अखेरच्या युद्धास तोंड फुटण्यास साहाय्य झाले, ती घटना येथे एकही गोळी न सुटता घडली. तिचे साधन होते एक मराठी गाणे. ते गाणारा मनुष्य घोड्याची निगा राखणारा मोतद्दार होता आणि त्याचे नाव कोणीही लिहून ठेवलेले नाही.

घटनेची पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे खून झाला. या खुनाचा आरोप दुसऱ्या बाजीरावाचा मर्जीतील कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीला ताब्यात देण्याचा आग्रह धरला व बरीच टाळाटाळ झाल्यानंतर सप्टेंबर १८१५ मध्ये बाजीरावाने तो मान्य केला. त्रिंबकजीची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आलेले असल्यामुळे या प्रकरणात कंपनीची प्रतिष्ठा गुंतलेली होती; हे ध्यानात घेतल्याशिवाय ठाण्याच्या बंदोबस्ताचा कडकपणा समजत नाही.

येथे त्रिंबकजीच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हा संगमनेर प्रांतातील निमगाव जाळीचा मनुष्य मूळचा पेशव्यांच्या पदरचा जासूद होता. १८०२ साली होळकरांनी पुणे घेतल्यावर बाजीराव महाडकडे पळाला. तेव्हा पुण्यास पत्र पोचवून अत्यल्प काळात उत्तर आणल्यामुळे त्याच्यावर बाजीरावाची नजर गेली, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. निरोप नेणे, निरोप लपविणे आणि निरोप ओळखणे हा ज्याचा पिढीजात नसला तरी आयुष्यातील पहिला व्यवसाय, असा कैदी ठाण्याच्या कोठडीत होता. पुढे मामलती मक्त्याने देऊन रयतेस पिळणारा कारभारी म्हणून त्याची जी अपकीर्ती झाली ती यथार्थच आहे, आणि त्याच्या सुटकेचा विचार करताना ती झाकण्याचे काही कारण नाही.

इंग्रजांनी पहाऱ्याची व्यवस्था विचारपूर्वक केली होती. पहारेकरी सर्व युरोपीय ठेवले गेले. एतद्देशीय शिपाई फितूर होतील, त्यांच्याशी कैद्याचे बोलणे होईल, जातीपातीचे वा गावकीचे धागे निघतील, ही भीती त्यामागे होती. पैशाचा मोह युरोपीय शिपायासही पडू शकतो, परंतु त्याच्याशी बोलणे कैद्यास शक्य नव्हते. म्हणजे भाषेचे अज्ञान हीच येथे तटबंदीची दुसरी भिंत मानली होती. ही भिंत एकाच दिशेने उपयोगी पडते, हे व्यवस्था करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. ज्याला कैद्याशी बोलता येत नाही, त्याला कैद्याशी दुसरा कोणी बोलत असल्यास तेही समजत नाही.

किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीत एक मराठा मोतद्दार होता. धन्याचा घोडा फिरविण्याच्या निमित्ताने तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून येरझारा घालीत असे. घोडा फिरविताना तो गाणे म्हणे. सहज, बेफिकीर, जसे कोणीही मोतद्दार म्हणतो तसे. बाहेरची सारी खबर या गाण्यातून आत जात होती. पहारेकऱ्यांना अर्थ कळत नव्हता, आणि अर्थ असेल असा संशयही त्यांना आला नाही. त्रिंबकजीने दररोज सायंकाळी ठरावीक वेळी शौचकूपाकडे जाण्याचा परिपाठ ठेवला होता. १२ सप्टेंबर १८१६ ची रात्र काळोखी व पावसाची होती. नित्याप्रमाणे कैदी तिकडे गेला, लगतच्या तबेल्याच्या बाजूस भिंतीला पाडलेल्या भगदाडातून बाहेर पडला आणि पहाऱ्यास कळण्यापूर्वी नाहीसा झाला. खाडीपलीकडे कल्याण प्रांत होता व तो तेव्हा पेशव्यांचा मुलूख होता. साष्टीचा किनारा सोडताच तो कंपनीच्या हद्दीबाहेर गेला. पुढे नाशिक-संगमनेरकडील डोंगर, खानदेश आणि नंतर शिखर शिंगणापूरकडील महादेवाचे डोंगर येथे त्याचा वावर होता. १८१७ च्या आरंभी नातेपुत्याच्या बाजूस त्याने स्वार जमविण्यास सुरुवात केली.

या वृत्तान्ताची मुख्य साधने दोन. पहिले ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, प्रकाशन १८२६. डफ पुण्यास एल्फिन्स्टनच्या हाताखाली होता, साताऱ्यास तो १८१८ ते १८२२ पर्यंत राजकीय प्रतिनिधी होता, आणि रेसिडेन्सीचे दप्तर त्याला खुले होते. मोतद्दार, खिडकी, घोडा फिरविणे व निष्काळजीपणाने म्हटलेले गाणे हा सर्व तपशील त्याच्याकडून येतो. गाण्याचे शब्द मात्र तो देत नाही. दुसरे साधन कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याचे प्रवासवर्णन. हेबरने १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात बंदिवान त्रिंबकजीस पाहिले. १८२६ साली त्रिचनापल्ली येथे त्याचा मृत्यू झाला व १८२८ साली हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात या गाण्याचा म्हणून एक इंग्रजी पद्यानुवाद आहे. इंग्रजी वाचकांत ठाण्याची ही कथा प्रसृत झाली ती प्रामुख्याने या पद्यामुळे.

या पद्याच्या प्रामाण्याविषयी सावधगिरी आवश्यक आहे. हेबर स्वतः नाणावलेला पद्यकार होता. त्याने दिलेल्या ओळींत झुडपाआड दडलेले धनुर्धारी आहेत आणि रानवाटेने जाणारा एक वीर आहे, ज्याला इंग्रजीत मध्ययुगीन सरदाराचे बिरुद दिलेले आहे. १८१६ सालच्या मराठी स्वारांच्या हाती भाला, तरवार किंवा बंदूक असावयाची. धनुष्याचा काळ लोटून गेला होता. ही सगळी साधनसामग्री स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील जुन्या बॅलडांची आहे, आणि त्या दशकात सर वॉल्टर स्कॉटच्या प्रभावाने ती इंग्रजी लेखकांच्या जिभेवर होती. तेव्हा ज्यास 'मराठी गाण्याचे भाषांतर' म्हटले जाते ते वस्तुतः एका ऐकीव कथेवर रचलेले इंग्रजी काव्य आहे. त्यावरून उलट भाषांतर करून मूळ मराठी गाणे 'पुनर्रचित' करण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरला पाहिजे. असे गाणे कितीही ठसकेबाज झाले तरी ते मोतद्दाराचे असणार नाही.

परंतु हेबरच्या पद्यातील एक अंश निराळा आहे. तो म्हणजे संख्येचा. घोडे पंचावन्न असून स्वार चौपन्नच आहेत, आणि पंचावन्नावा स्वार चढला की दक्षिणेस पुन्हा बरे दिवस येतील, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी बॅलडच्या ठराविक साच्यात बसणारा हा मजकूर नव्हे, आणि असा नेमका फरकाचा आकडा ऐकीव कथेतही तग धरून राहतो. संकेत म्हणून तो उत्तम आहे. यात 'तू', 'कैदी', 'पळ' यांपैकी एकही शब्द नाही. दोन संख्या लागोपाठ सांगितल्या आहेत व त्यांतील वजाबाकी ऐकणाऱ्याने करावयाची आहे. ज्याचा घोडा रिकामा आहे त्यालाच त्या वजाबाकीचे उत्तर ठाऊक. मराठीत शंभरपर्यंतच्या संख्यांची नावे एकजीव झालेली असतात. 'चौपन्न' व 'पंचावन्न' यांत इंग्रजीप्रमाणे दशक आणि एकक सुटे ऐकू येत नाहीत. बाजारात चार व्यवहार करून ज्या गोऱ्या शिपायाने एक ते दहा हे आकडे उचलले असतील, त्यालाही हे शब्द संख्यावाचक आहेत असे ओळखू आले नसते.

आता यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे, व तो आजवर कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. किल्ल्यात मराठी समजणारा केवळ कैदी नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांचे इतर मोतद्दार, पखालजी, आचारी, धोबी, गवत आणणाऱ्या बायका, हमाल, झाडूवाले ही सारी माणसे त्याच आवारात वावरत होती. कोणत्याही छावणीत शिपायांच्या जोडीला असा एक परिवार असावयाचाच. पहारेकऱ्यांना जे गाणे अर्थशून्य होते, ते या मंडळींच्या कानावर रोज शब्दशः पडत होते. मग त्यांच्यापासून निरोप लपला कसा? याची दोन उत्तरे संभवतात. एक, गाण्याचे शब्द असे होते की मराठी जाणणाऱ्यालाही त्यात घोड्यांच्या व स्वारांच्या साध्या गोष्टीपलीकडे काही दिसू नये; म्हणजे भाषेच्या पडद्याआड आणखी एक पडदा होता. दुसरे, त्यांतील काहींना ते उमगले होते आणि ते गप्प राहिले. हे दुसरे उत्तर केवळ अनुमान आहे. परंतु भिंतीस भगदाड पाडणे हे एका रात्रीचे, एका हाताचे व निःशब्द काम नव्हे. तबेल्यात वावरणाऱ्यांच्या नकळत ते होणे कठीण. म्हणून दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असावीत असे मानण्याकडे कल होतो. ज्याला आपण एका मोतद्दाराची चतुराई म्हणतो, तिच्या पाठीशी अनेकांचे मौन उभे असावे.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९४२ पासून अमेरिकेच्या नौदलाच्या मरीन दलाने पॅसिफिकच्या आघाडीवर नॅव्हाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांकडून त्यांच्या भाषेत संदेश पाठविण्याची व्यवस्था केली. आरंभी एकोणतीस जण निवडले गेले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या चारशेच्या घरात गेली. केवळ अपरिचित भाषा वापरून हे लोक थांबले नाहीत. त्यांनी त्या भाषेच्या आत दुसरा संकेत रचला: रणगाड्याला कासव म्हटले, विमानांना पक्ष्यांची नावे दिली. जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या एका नॅव्हाहो सैनिकाला हे संदेश ऐकविण्यात आले, तेव्हा त्याला शब्द कळले पण अर्थ लागला नाही, कारण त्या आतल्या संकेताचे शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. ठाण्याच्या आवारातील पखालजीची अवस्था याहून फारशी निराळी नसावी. ही नॅव्हाहो योजना १९६८ पर्यंत गुप्त ठेवली गेली व तोवर ती राबविणारे अनामिकच राहिले.

मराठी व्यवहारात अर्थ लपविण्याच्या रीती पूर्वीपासून होत्या. अंकपल्लवी, करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्दच त्याची साक्ष देतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्यामुळे कित्येक शतके ते वाङ्मय इतर मराठी वाचकांना बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उकलली आणि हे वाङ्मय वाचकांपुढे आणण्याच्या कामी विनायक लक्ष्मण भावे यांनी मोठा वाटा उचलला. हे भावे ठाण्याचेच, १८९३ साली तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे. असो.

युद्धकालीन सांकेतिक पत्रांत सर्वांत प्रसिद्ध आहे ते पानिपतच्या संहाराची वार्ता देणारे सावकारी पत्र. १४ जानेवारी १७६१ च्या युद्धानंतर एका सावकाराचा कासीद हे पत्र घेऊन दक्षिणेस निघाला होता. उत्तरेकडे कूच करीत असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या माणसांनी त्यास भेलशाच्या बाजूस गाठून पत्र उघडले. त्यात हरवलेल्या मोत्यांचा, मोहरांचा व नाण्यांचा हिशेब होता. मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, चांदी आणि तांबे म्हणजे गणती नसलेले सैन्य, हा अर्थ वाचणाऱ्यांस लावावा लागला. या पत्राची आणि ठाण्याच्या गाण्याची तुलना भाषाशास्त्राच्या दृष्टीने फलदायी आहे. सावकाराला आपले पत्र मराठी वा हिंदुस्थानी जाणणाऱ्यांच्या मुलुखातून न्यावयाचे होते, म्हणून भाषेचा आडोसा त्याला उपयोगी नव्हता. त्याने अर्थ पेढीच्या शब्दांत लपविला. मोतद्दाराला पहारेकऱ्यांपुरता भाषेचा आडोसा आयताच मिळालेला होता. सावकाराच्या पत्राची उकल झाली, कारण उघडणाऱ्यास परिस्थिती माहीत होती व कोणत्या वार्तेची भीती बाळगायची हेही माहीत होते. ठाण्यातील गाण्याची उकल कैदी पळेपर्यंत झाली नाही, कारण तेथे मुळात कोणी ऐकतच नव्हते. संकेत फोडण्यासाठी आधी हा संकेत आहे असे वाटावे लागते.

हे अज्ञान अपरिहार्य होते काय? पुण्याच्या रेसिडेन्सीची स्थिती पाहिली तर नव्हते. एल्फिन्स्टनला पुणे दरबारची खडान्‌खडा बातमी असे, ती मराठी भाषिक माणसांमुळे. बाळाजीपंत नातू हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध, व महाराष्ट्रात सर्वांत निंदिले गेलेले नाव. एकाच कंपनीच्या पुण्यातील कचेरीला कान होते आणि ठाण्यातील किल्ल्याला नव्हते. पुस्तकी साधनेही अगदीच नव्हती असे नाही. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले होते आणि कोश १८१० साली. या दोन्ही कामांत त्याला पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. परंतु ही पुस्तके बंगालच्या बाजूस, कॉलेजातील मुलकी नोकरांसाठी झालेली. किल्ल्याच्या पहाऱ्यावरील शिपायाने मराठी शिकावे असे कोणाच्या मनातही आले नाही. उलट त्याचे न शिकणे हेच सोयीचे मानले गेले. युद्धानंतर परिस्थिती बदलली. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कामास सरकारचा आश्रय मिळाला, जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती शास्त्र्यांचा महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ साली बाहेर पडला व १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. मुलूख जिंकल्यावर भाषा शिकण्याची निकड भासली. त्या कोशांमागील शास्त्री मंडळींची नावे किती विद्यार्थ्यांस सांगता येतील, हा एक वेगळा आणि अप्रिय प्रश्न आहे.

या बाबतीत आपणच तेवढे विस्मरणशील आहोत असेही नाही. इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे संदेश उकलण्याचे जे प्रचंड काम झाले, त्यातील सुमारे तीन चतुर्थांश माणसे स्त्रिया होत्या. १९७४ पर्यंत तर त्या कामाचे अस्तित्वच सांगण्यास मनाई होती, आणि पुढे जी नावे गाजली ती मोजक्या गणितज्ञांची. दिल्लीत आनंद पर्वतावरील रामजस कॉलेजच्या इमारतीत इंग्रज सेनेचे एक बिनतारी केंद्र होते. १९४३ साली जपानी सेनेच्या जलवाहतूक खात्याचा संकेत उकलण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच्या इतिहासात गिर्यारोहक विल्फ्रिड नॉइस याचे नाव येते. रात्रंदिवस कानाला यंत्र लावून अक्षरे टिपणारे मात्र संख्येतच मोजले जातात. ऐकणे हे हलके काम आणि अर्थ लावणे हे भारी काम, अशी उतरंड बहुधा सर्वत्र आहे. ठाण्यातील प्रकरणात निरोप मिळविणे, तो रचणे व पोचविणे ही तिन्ही कामे एकाच मोतद्दाराच्या अंगावर पडली असावीत, आणि तरीही तो उतरंडीच्या तळाशीच राहिला.

सुटकेचे परिणाम त्वरित व भारी झाले. त्रिंबकजीच्या हालचालींमागे बाजीरावाचे अंग आहे असा एल्फिन्स्टनचा ग्रह झाला व तो निराधार नव्हता. मे १८१७ मध्ये त्रिंबकजीस पकडून देण्याचे तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले बाजीरावास तात्पुरते इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्याच्या अटकेसाठी दोन लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. १३ जून १८१७ च्या पुणे येथील तहाने बाजीरावाने त्रिंबकजीस गंगाधरशास्त्र्यांचा खुनी म्हणून मान्य केले व इतर मुलखाबरोबर बेलापूर, आटगाव, कल्याण आणि तेथून उत्तरेस गुजरातपर्यंतचा प्रदेश कंपनीला तोडून दिला. ज्या खाडीने त्रिंबकजीला वाचविले, तिच्या दोन्ही तीरांवर नऊ महिन्यांत इंग्रजांचाच अंमल झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडण्याची कारणे याहून खोल आणि जुनी आहेत, हे मान्य करूनही ठाण्याच्या त्या रात्रीने युद्ध जवळ आणले हे नाकारता येत नाही. गाणाऱ्याने ज्या बऱ्या दिवसांची आशा धरली असेल, ते दिवस आले नाहीत.

त्रिंबकजी १८१८ च्या उन्हाळ्याअखेर निफाडजवळील अहिरगाव येथे पकडला गेला. त्याला पुन्हा ठाण्यास आणले, पण या वेळी तेथे ठेवले नाही. गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याला पाठविण्यात आले व १८२९ साली तेथेच त्याचा अंत झाला. ज्या प्रदेशात घोडा फिरविणाऱ्याचे मराठी गाणे खिडकीतून ऐकू येण्याचा संभव नव्हता, असा तो प्रदेश होता.